केळीचा शजरा

थाळनेरला तापीच्या काठावर फारुकी सुलतानांचे मकबरे आहेत. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातले हे गाव एके काळी खानदेशची राजधानी होते, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. मागच्या हिवाळ्यात आठवीच्या मुलांना प्रत्यक्षच दाखवायला घेऊन गेलो. मुलांनी अष्टकोनी मकबऱ्यावरची नक्षी पाहिली, दगडांवरून हात फिरवला आणि वीस मिनिटांत त्यांना भूक लागली. परतताना रस्त्यालगत केळीची बाग लागली. घडांची कापणी चालू होती. बागवाल्या काकांनी पोरांना दोन फण्या दिल्या. एका मुलाने केळे मधोमध मोडले, आत नीट पाहिले आणि विचारले, "सर, याचं बी कुठंय?"

मी म्हणालो, "केळीला बी नसतं बाळा. मुनवे लावतात, नाहीतर टिश्यूची रोपं."

"मग पहिलं झाड कुठून आलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, शेतीशास्त्र नाही. पण नुकताच मी या मुलांना फारुकींचा खानदानी शजरा, म्हणजे वंशावळ, सांगून आलो होतो. सुलतानाचा पणजोबा कोण हे मला पाठ होते. ज्या पिकावर आमच्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या घरची चूल पेटते, त्याचा बाप कोण हे ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, ते इथे मांडतो आहे.

दोन प्रकारचे शजरे

आधी फारुकींचे. मलिक राजाला फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये थाळनेर आणि करवंदचा परगणा दिला. १३८२ पासून तो स्वतंत्रपणे कारभार करू लागला. त्याचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसवले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड जिंकला आणि हे राज्य संपले. या घराण्याचे म्हणणे होते की आपण दुसरे खलिफा हजरत उमर फारूक यांचे वंशज आहोत. इतिहासकार फरिश्ताने आपल्या ग्रंथात ही वंशावळ दिली आहे. ती खरी की खोटी, हा वाद इथे महत्त्वाचा नाही. तिचा उपयोग कशासाठी झाला, हे महत्त्वाचे. शेजारी गुजरातचे सुलतान, माळव्याचे सुलतान, बहमनी असे बलाढ्य लोक. त्यांच्यापुढे तापीकाठच्या छोट्या राज्याला मान वर करून उभे राहायचे होते. शजरा त्यासाठी होता.

दुसऱ्या प्रकारचा शजरा शास्त्रज्ञ लिहितात. झाडाच्या पेशीतल्या गुणसूत्रांवर पूर्वजांच्या खुणा राहिलेल्या असतात. त्या वाचून कोणता गुण कुणाकडून आला आणि कोणता वाटेत हरवला, हे शोधता येते. हा शजरा मिरवण्यासाठी नसतो. घरात काय कमी आहे ते पाहण्यासाठी असतो.

मौज, मुसा आणि बाबरचे निरीक्षण

केळीचे शास्त्रीय नाव मुसा. अरबीत केळ्याला 'मौज' म्हणतात आणि मुसा हे नाव त्यावरूनच घेतले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन सम्राट ऑगस्टसच्या अँटोनियस मुसा नावाच्या वैद्यावरून ते पडले, असेही एक मत आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये केळीला 'मुसा पॅराडिसियाका' म्हटले, म्हणजे जन्नतची केळ. आपल्याकडेही सूरह वाकिआमध्ये जन्नतच्या वर्णनात 'तल्ह' हा जो शब्द येतो, त्याचा अर्थ अनेक मुफस्सिरांनी केळ असाच केला आहे.

बाबरने हिंदुस्थानातल्या फळांचे वर्णन करताना केळीची दखल घेतली आहे. अरब तिला मौज म्हणतात, हे त्याने नोंदवले. तिचे दोन गुणही सांगितले: साल सहज निघते आणि आत ना कोय, ना धागे. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला जे खटकले, ते बाबरला सुमारे पाचशे वर्षांपूर्वी आवडले होते. बी नाही म्हणून फळ खायला सोपे. पण केळीचे सगळे दुखणेही त्याच न दिसणाऱ्या बीपाशी सुरू होते.

पहिल्या झाडाला बी होते

रानातल्या मूळ केळीला बी असते. काळे, टणक, दातांखाली आले तर दात दुखेल असे. आज आपण खातो त्या बहुतेक केळींचे दोन मुख्य पूर्वज आहेत. एक मुसा अक्युमिनाटा, दुसरी मुसा बाल्बिसियाना. शास्त्रज्ञ सोयीसाठी पहिलीचा वारसा 'ए' आणि दुसरीचा 'बी' या अक्षराने दाखवतात. अक्युमिनाटाचे घर म्हणजे न्यू गिनीपासून जावा, मलाया, थायलंड, ब्रह्मदेशापर्यंतचा पट्टा. बाल्बिसियाना भारताच्या ईशान्येकडे आणि त्याच्या पलीकडे आढळते. आसामचे भीमकोल हे बियांचे केळे याच कुळातले. तिथे ते आजही लहान बाळांना भरवतात. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी रानकेळ, जिला काही ठिकाणी चवई म्हणतात, ती मात्र आपल्या केळीची पूर्वज नाही. ती लांबची भाऊबंद.

न्यू गिनीच्या डोंगरात कुक नावाच्या दलदलीत सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीचे पुरावे मिळाले आहेत. माणसाने कमी बियांची झाडे निवडली, त्यांचे मुनवे उचलले आणि होडीत घालून बेटाबेटांवर नेले. वेगवेगळ्या बेटांवरच्या केळी एकमेकींजवळ आल्या, त्यांचा संकर झाला. कधी कधी निसर्गाची एक चूक घडली. एरवी आई आणि बाप आपापल्या गुणसूत्रांचा एकेक संच देतात. इथे एकाने पूर्ण दोन संच दिले आणि दुसऱ्याने एक. म्हणून बाळाकडे तीन संच आले. अक्युमिनाटात एका संचात ११ गुणसूत्रे असतात, म्हणजे या बाळाकडे ३३. तिनाची जोडी लावता येत नाही, त्यामुळे बी तयार होत नाही. पण फळ मोठे, गोड आणि बिनबियांचे मिळते. शेतकऱ्याने ते झाड जपले. बी नाही म्हणून मुनवे लावत गेला. पिढ्यान्पिढ्या तेच एक झाड, फक्त जागा बदलत.

आपली आजची केळ अशीच तीन 'ए' संचांची, म्हणजे 'एएए' आहे. तिचे नाव कॅव्हेंडिश. १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थच्या वाड्यात जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने ती काचघरात वाढवली आणि वाड्याचा मालक विल्यम कॅव्हेंडिश, डेव्हनशायरचा ड्यूक, याचे नाव तिला मिळाले. केळ आशियाची, नाव इंग्रज जमीनदाराचे.

शजरा कसा वाचला

१९५५ मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड या दोन शास्त्रज्ञांनी एक साधी पद्धत काढली. खोडाचा रंग, पानाच्या देठाची पन्हळ, केळफुलाचा आकार अशी पंधरा लक्षणे पाहायची आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे. अक्युमिनाटासारखे असेल तर एक, बाल्बिसियानासारखे असेल तर पाच. बेरजेवरून केळीत कुणाचा वारसा किती हे ठरवायचे. शिक्षकाला ही पद्धत लगेच कळते. ही केळीची गुणपत्रिकाच.

मात्र गुणपत्रिकेतून बेरीज कळते, घराणे कळत नाही. २०१२ मध्ये मलेशियातल्या पहांग भागातल्या केळीचा संपूर्ण जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. फ्रान्सच्या सिराड संस्थेच्या अँजेलिक डॉंट यांचा त्या कामात पुढाकार होता. त्यात ३६ हजारांहून अधिक जनुके नोंदली गेली. या नकाशाच्या आधाराने पुढे शास्त्रज्ञांनी लागवडीतल्या केळींची गुणसूत्रे तुकड्यातुकड्याने तपासली. त्यात दिसले ते आपल्या आजीच्या गोधडीसारखे होते. एकाच गुणसूत्रावर एक तुकडा न्यू गिनीच्या केळीचा, शेजारचा जावाच्या केळीचा, पुढचा मलायाचा. शुद्ध घराण्याचे असे काही नाहीच. २०२० आणि २०२२ च्या अभ्यासांत तर असेही तुकडे सापडले, जे माहीत असलेल्या कोणत्याच रानटी केळीशी जुळत नाहीत. म्हणजे या गोधडीला ठिगळ देणारे काही पूर्वज अजून कुठल्या तरी जंगलात उभे असतील, किंवा ते जंगल तुटल्यावर संपलेही असतील.

कॅव्हेंडिशचे आईबापही शोधले गेले. तीनपैकी दोन संच देणारी केळ 'म्लाली' नावाच्या गटातली. हा गट आज झांझिबार, कोमोरोस, मादागास्कर या आफ्रिकेजवळच्या बेटांवर सापडतो. तिसरा संच आग्नेय आशियातल्या, थायलंडच्या 'खाई'सारख्या केळीकडून आला. पूर्वेच्या खलाशांनी हिंदी महासागर ओलांडून केळी आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेल्या. खानदेशात जिचे घड लोंबतात, तिची सख्खी नातेवाईक आज झांझिबारच्या परसात आहे.

या माहितीचे करायचे काय?

शजरा कळून पोट भरत नाही, असे कुणी म्हणेल. त्यासाठी ग्रोस मिशेलची गोष्ट सांगायला हवी. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात युरोप-अमेरिकेच्या बाजारात हीच केळ होती. पनामा रोग, म्हणजे आपल्याकडचा मर रोग, जमिनीतून आला. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळांतून शिरते, झाडाच्या पाण्याच्या वाटा बंद करते आणि उभे झाड आतून वाळते. सगळी झाडे एकाच झाडाची नक्कल असल्याने एक मेले तर सगळी मरणार होती. १९५० आणि ६० च्या दशकांत व्यापारी ग्रोस मिशेल सोडून कॅव्हेंडिशकडे वळले, कारण ती या रोगात टिकत होती.

आता नवे कळले ते असे की कॅव्हेंडिश आणि ग्रोस मिशेल यांचा दोन संच देणारा पूर्वज एकच आहे. दोघी जवळच्या बहिणी. तरी एक रोगाने गेली, दुसरी वाचली. मग दोघींमध्ये वेगळे काय आहे, याचा शोध कुठून सुरू करायचा हे शजऱ्यावरून कळते. पूर्वी पैदासकार अंधारात हात मारत होते. त्रिनिदादमध्ये १९२२ मध्ये केळीच्या संकराचे काम सुरू झाले आणि भारतात तामिळनाडूतल्या अडुतुराईला १९४९ मध्ये. पण ज्या झाडाला बीच धरत नाही त्याचा संकर करणे म्हणजे हजारो केळी कुस्करून एखादे बी शोधणे. आता दुसरा रस्ता दिसतो. बी न धरणाऱ्या लेकीला सोडून तिच्या बी धरणाऱ्या आईबापांकडे जायचे. म्लालीसारख्या दोन संचांच्या केळी घ्यायच्या, औषधाने त्यांचे संच दुप्पट करायचे, मग रोगाला तोंड देणाऱ्या दुसऱ्या दोन संचांच्या केळीशी संकर करायचा. चार संचांतून दोन आणि दोनांतून एक येतो. पुन्हा तीन संचांची, बिनबियांची, पण नवी केळ जन्मते. निसर्गाने चुकून केलेले काम माणसाने समजून करायचे.

शजरा धोकाही दाखवतो. बाल्बिसियानाच्या, म्हणजे 'बी' वारशाच्या गुणसूत्रांत एका विषाणूचे तुकडे मुरलेले आहेत. झाड निरोगी दिसते. पण संकर केला, किंवा प्रयोगशाळेत टिश्यूकल्चर केले, की हा झोपलेला विषाणू जागा होऊन रोग पसरवू शकतो. म्हणून 'बी' पूर्वज वापरताना कोणत्या गुणसूत्रावर तो दडला आहे हे तपासावे लागते आणि तो तुकडा नसलेली रोपे निवडावी लागतात. पूर्वजांकडून इस्टेट येते तसे कर्जही येते.

खानदेशातला एकच चेहरा

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात केळी सर्वात जास्त पिकवणारा जिल्हा जळगाव. रावेर, यावल, चोपडा, इकडे शिरपूर, पलीकडे बुऱ्हाणपूर. तापीचे पाणी जिथे जिथे पोहोचते तिथे केळ. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. जुने लोक बसराईच्या गोष्टी सांगतात. नंतर श्रीमंती आली. १९९० च्या दशकात जळगावच्याच जैन उद्योगसमूहाने टिश्यूकल्चरची ग्रँड नैन शेतकऱ्यांपर्यंत नेली. सोबत ठिबक सिंचन. शेतकरी तिला 'जी-नाईन' म्हणतात. या फ्रेंच नावाचा अर्थ 'मोठा बुटका'. घड वजनदार झाले, एका वेळी कापणीला येऊ लागले, पक्की घरे उभी राहिली, पोरी कॉलेजात गेल्या. हे सगळे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

पण शजरा उघडला तर बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही तीन वेगळी घराणी नाहीत. तिन्ही कॅव्हेंडिश. मुनवे लावता लावता एखाद्या कोंबात आपोआप बदल झाला, कुणी बुटकी राहिली, कुणी उंच झाली, एवढाच फरक. आपण वाण बदलला असे म्हणालो. खरे तर एकाच बाईने तीनदा साडी बदलली.

मर रोगाची टीआर-४ नावाची नवी बुरशी कॅव्हेंडिशलाही मारते. तैवानपासून सुरू झालेला तिचा प्रवास ऑस्ट्रेलियापर्यंत गेला, २०१९ मध्ये कोलंबियात पोहोचला. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशच्या कॅव्हेंडिश बागांत ती सापडली आहे. जमिनीत ती अनेक वर्षे राहते आणि फवारणीने जात नाही. माती, पाणी, अवजारे, रोगट मुनवे यांतून पसरते. आपली केळी ट्रकने उत्तरेला जातात आणि ट्रक परतही येतात. अलीकडे रावेर-यावलकडे ज्यांनी हरण्या रोगाने पिवळी पडलेली कोवळी बाग उपटून फेकली आहे, त्यांना एकाच तोंडवळ्याच्या पिकाचा धोका समजावून सांगायला नको.

उपाय शोधणारेही पूर्वजांकडेच गेले आहेत. ऑस्ट्रेलियात जेम्स डेल यांच्या गटाने मलायाकडच्या रानटी अक्युमिनाटातले रोगप्रतिकारक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातले आणि २०२४ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणांनी त्या केळीला मान्यता दिली. आपल्या देशात तिरुचिरापल्लीला १९९३ पासून राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे. तिथे केळीचे शेकडो वाण जिवंत जपले आहेत. बेल्जियममधल्या लुव्हेनच्या संग्रहात दीड हजारांहून अधिक आहेत. बाजारात ज्यांना गिऱ्हाईक नाही असे हे वाण. पण उद्याच्या केळीचा एखादा संच त्यांच्यातूनच यायचा आहे.

मूळ विचारणाऱ्यांना

आम्हा मुसलमानांना या देशात अधूनमधून विचारले जाते, "तुमचे मूळ कुठले?" कधी सहज, कधी टोचायला. आपल्यातलेही काही जण उत्तरादाखल भिंतीवरचा शजरा दाखवतात. बगदाद, बुखारा, हिजाज. जणू तापीकाठी जन्मणे कमीपणाचे आहे. यावल-चोपड्याच्या सातपुड्यात राहणारे आमचे तडवी भाऊ भिल्लही आहेत आणि मुसलमानही. त्यांना यातला एक वारसा लपवावा लागत नाही. मला त्यांचा हेवा वाटतो.

केळीवरून माणसाचे शास्त्र काढायचे नाही, हे मला कळते. माणसाची किंमत त्याच्या वंशावळीवरून कधीच ठरत नाही. पण शजरा हातात घेताना प्रश्न कोणता विचारावा, एवढे केळीकडून शिकता येते. मी कुणापेक्षा मोठा, हे विचारण्यात फारुकींची दोनशे वर्षे गेली आणि मागे मकबरे राहिले. पैदासकार विचारतो, मला काय काय मिळाले, कुणाकुणाकडून मिळाले आणि वाटेत काय गमावले. या प्रश्नातून पुढचे झाड उगवते.

थाळनेरहून आल्यावर त्या मुलाला मी उत्तर दिले: पहिल्या झाडाला बी होते, ते आपण काढून टाकले. मग सगळ्या वर्गाला गृहपाठ दिला. घरातल्या मोठ्यांना केळीची नावे विचारून वहीत लिहा. दादाजानकडून बहुतेक वह्यांत बसराई आली. अब्बूंकडून जी-नाईन. एका मुलीने लिहिले होते: वेलची, फुफीच्या घरी, मोरीच्या मागे, अजून आहे.

वेलची ही छोट्या, आंबटगोड केळ्यांची जात. तिच्यात एक संच अक्युमिनाटाचा आणि एक बाल्बिसियानाचा. दोन्ही पूर्वज एकाच बुंध्यात. तिला कोणताच रोग लागत नाही असे नाही. मर रोग तिलाही होतो. पण ती कॅव्हेंडिश नाही, एवढे पुरे आहे. फुफीने पोरीच्या हाती ओल्या गोणपाटात गुंडाळून एक मुनवा पाठवला. शाळेच्या नळाचे पाणी जिथे वाहून जाते, तिथे आम्ही तो लावला. शेजारी खडूने पाटी लिहिली आहे. पाऊस आला की पुसली जाते, मुले पुन्हा लिहितात.